जॉन न्यूटनचं प्रकरण: कृपा १७४८ ला, पश्चात्ताप १७८८ ला

अठराव्या शतकातल्या इंग्रज जॉन न्यूटनची गोष्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक वेळा दोन मिनिटांत उरकली जाते. गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन होता, वादळ आलं, देवाचा धावा केला, वाचला, धंदा सोडला, पाळक (चर्चचा धर्मगुरू) झाला आणि 'अमेझिंग ग्रेस' हे भक्तिगीत लिहिलं. उपदेशात उदाहरण म्हणून एकदम फिट बसते. अडचण एवढीच की तारखा लावून बघितल्या की ही गोष्ट टिकतच नाही. वादळ झालं मार्च १७४८ मध्ये, तेव्हा तो कॅप्टन नव्हताच. कॅप्टन झाला १७५० ला, म्हणजे देवाकडे वळल्यानंतर. समुद्र सुटला १७५४ ला आणि तोही तब्येतीमुळे, मनाला टोचणी लागली म्हणून नाही. गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी लिहिलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे तोंड उघडलं १७८८ ला.

म्हणजे मधे चाळीस वर्षं आहेत, आणि दोन मिनिटांच्या गोष्टीत नेमकी तीच गाळली जातात. मला मात्र त्या चाळीस वर्षांतच खरं प्रकरण दिसतं. कारण आपल्याला साधारण असं शिकवलेलं असतं की आधी पाप कळतं, मग पश्चात्ताप, मग क्षमा, आणि त्यानंतर माणूस सुधारतो. न्यूटनच्या बाबतीत कृपा, म्हणजे पात्रता न बघता देवाने केलेली दया, आधी आली, पश्चात्ताप तुकड्यातुकड्याने आला आणि सगळ्यात मोठ्या पापापाशी तर तो सगळ्यात शेवटी पोचला.

आधीचं थोडक्यात

जन्म लंडनचा, १७२५ चा. वडील जहाजाचे कप्तान. आई भक्तिमान, तिने अगदी लहानपणी शास्त्रवचनं पाठ करून घेतली, पण तो सात वर्षांचा व्हायच्या आधीच ती गेली. अकराव्या वर्षी वडिलांबरोबर समुद्रावर. १७४४ ला नौदलाने जबरदस्तीने भरती केलं, तिथून पळाला, सापडला, बेड्या पडल्या, सगळ्यांसमोर उघड्या पाठीवर फटके बसले, हुद्दा गेला. मग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे राहिला आणि तिथे आजारपणात त्याचे इतके हाल झाले, खायलासुद्धा धड मिळेना, की पुढे तो स्वतःला गुलामांचाही चाकर म्हणवून घ्यायचा. हे लक्षात ठेवा. साखळी आणि उपासमार म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत नव्हतं, त्याने ते भोगलेलं होतं. तरीही पुढे जे घडलं ते घडलं. स्वतः सोसलं की दुसऱ्याचं दुःख आपोआप कळतं असं आपण धरून चालतो, पण तसं काही नसतं.

विश्वासाच्या बाबतीत म्हणाल तर नुसता नास्तिक नव्हता, दुसऱ्याची श्रद्धा मोडायची त्याला हौस होती. शिव्याशापांत खलाशीसुद्धा त्याच्यापुढे फिके पडायचे.

वादळ, आणि वादळानंतरचं पडणं

ग्रेहाउंड नावाच्या जहाजातून घरी परतताना अटलांटिकमध्ये मध्यरात्री जहाजाची एक बाजू फुटली. तो वर डेकवर निघालेला, कॅप्टनने त्याला सुरी आणायला मागे पाठवलं आणि त्याच्याऐवजी जो माणूस वर गेला तो तिथल्या तिथे लाटेबरोबर वाहून गेला. जहाजात मधमाश्यांचं मेण आणि लाकूड भरलेलं होतं, पाण्यापेक्षा हलका माल, त्यामुळे ते तरंगत राहिलं. तासनतास पंप मारताना त्याच्या तोंडून सहज निघून गेलं की एवढं करूनही नाही भागलं तर देवच आपल्यावर दया करो. आणि तो स्वतःच दचकला, कारण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच देवाच्या दयेचं नाव त्याने घेतलेलं होतं, आणि लगेच पुढचा विचार आला की माझ्यासारख्याला कसली दया?

पुढे चार आठवडे फाटक्या शिडांवर, अर्धपोटी, ते जहाज कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. त्या दिवसांत तो नवा करार वाचत होता. मागणाऱ्यांना स्वर्गीय पिता पवित्र आत्मा देईल हे लूक ११:१३ चं वचन त्याने धरून ठेवलं. लूक १५ मधला उधळ्या पुत्र, लूक १३ मधलं फळ न देणारं अंजिराचं झाड आणि १ तीमथ्य १ मधला पौल, हे भाग विशेष लागले असं त्याने नंतर लिहिलंय. तीमथ्याच्या त्या अध्यायाकडे मी पुन्हा येणार आहे.

आपण देवाकडे कसे वळलो हे मंडळीत सांगतो ती आपली साक्ष इथे संपते. त्याची संपत नाही, आणि याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. त्याच वर्षी तो ब्राउनलो नावाच्या गुलामांच्या जहाजावर फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, म्हणून निघाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत देवाच्या सगळ्या उपकारांवर पाणी सोडून बसला. शिव्या तेवढ्या सोडल्या तर जवळजवळ पूर्वीइतकाच बिघडलो होतो, काही महिन्यांपूर्वी जे आपल्या हातून होईल असं वाटलंही नसतं त्यात महिनाभर बुडालेलो होतो, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. नेमकं काय केलं ते मात्र नाही लिहिलं.

मग सडकून ताप आला. अशक्त, अर्धवट भ्रमात, तो अंथरुणातून उठून बेटावरच्या एका एकांत जागी रांगत गेला आणि देवापुढे पडला. या प्रार्थनेत एक गोष्ट वेगळी आहे. वादळात त्याने निश्चय केले होते, मी असं करीन, तसं करीन. इथे निश्चय करायची हिंमतच उरली नव्हती. आता तुला माझं काय करायचं ते कर, एवढंच. ज्यांनी आयुष्यात तेच पाप सोडायची शपथ घेऊन घेऊन मोडलीये त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. मला विचाराल तर त्याला कृपा म्हणजे काय हे वादळात नाही, इथे कळलं. वादळात जीव वाचवायचा होता, इथे जीव वाचलेलाच होता आणि तरी माणूस हरलेला होता. त्याने स्वतःही नंतर म्हटलंय की वादळाच्या वेळी मी पूर्ण अर्थाने विश्वास ठेवणारा झालो असं मला म्हणता येत नाही, ते बऱ्याच काळाने झालं.

आता हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने बघा. ब्राउनलो तिथे आली होती माणसं विकत घ्यायला. फर्स्ट मेट म्हणून न्यूटन छोटी बोट घेऊन किनाऱ्यावरून फिरून माणसं गोळा करायचा. तापातून उठून, देवाशी समेट करून, मनाला शांती मिळून तो परत त्याच बोटीत बसला. पश्चात्ताप झाला होता तो कृतघ्नपणाचा आणि स्वतःच्या वासनांचा. बोटीत बांधून घातलेली माणसं त्या पश्चात्तापात कुठेच नव्हती.

कॅप्टन न्यूटन, दोन वह्या

१७५० ते १७५४ मध्ये त्याने कॅप्टन म्हणून तीन सफरी केल्या, एक ड्यूक ऑफ आर्गाइलवर आणि दोन आफ्रिकन नावाच्या जहाजावर. रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायचा. नियमाने प्रार्थना, शास्त्रवाचन, लॅटिनचा अभ्यास, बायकोला लांबलचक प्रेमळ पत्रं. या शेवटच्या दोन सफरींमध्ये देवाशी जितकी गोड संगती झाली तितकी क्वचितच झाली असं तो पुढे लिहितो.

आणि जहाजाची नोंदवही वेगळी. तिच्यात सफरीत मेलेल्या गुलामांची नोंद आहे, नाव नाही, नंबर. डिसेंबर १७५२ मध्ये गुलाम बंड करणार असा संशय आला तेव्हा काही मुलांच्या अंगठ्यांना पेच लावून कबुली काढल्याची नोंद आहे. दोन्ही लिहिणारा हात एकच.

ऑगस्ट १७५४ ला लिव्हरपूलला परतल्यावर तर तिथल्या चर्चमध्ये देवाचे आभार मानले गेले, कशासाठी तर आफ्रिकेची सफर एकही माणूस न दगावता पार पडली म्हणून. या वाक्यापाशी मी दरवेळी अडतो. कारण ते खोटं नाहीये. त्या काळी त्या धंद्यात एकही मृत्यू नाही ही खरंच अपवादात्मक गोष्ट होती, काळजी घेतल्याशिवाय ते होत नाही. आणि ज्यांना वाचवलं त्यांना नेऊन विकलं. उपकारस्तुती मनापासून, आणि ज्या गोष्टीबद्दल ती आहे ती गोष्टच पाप.

हे कसं शक्य झालं? ढोंगी होता म्हणून मोकळं होता येतं, पण ढोंगी माणूस दाखवायला एक आणि आत एक असतो. याच्या आतही प्रार्थनाच होती. त्याच्या लिखाणावरून मला जे दिसतं ते असं. एक तर धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, मंडळीतले लोक त्यात पैसे गुंतवायचे, कोणी भुवई उंचावत नव्हतं. दुसरं, देवाने आपल्यासाठी नेमलेली जागा म्हणून तो त्या नोकरीकडे बघायचा. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: त्याला अस्वस्थ वाटत होतं! आपण तुरुंगाच्या पहारेकऱ्यासारखे आहोत, सतत बेड्या, साखळ्या, कुलपं, हे नको वाटतं असं तो म्हणतो, जास्त माणुसकीचं काम दे अशी प्रार्थनाही करायचा. म्हणजे आतून हाक येत होती. पण त्याने तिचा अर्थ काढला की हे काम आपल्या स्वभावाला जमत नाही. हे काम चूक आहे, हा अर्थ त्या वर्षांत कोणी काढून दिला नाही आणि त्याने स्वतःही काढला नाही.

पश्चात्तापालाही एक यादी लागते, आणि ती यादी आपण एकट्याने बनवत नाही. भोवतालचे विश्वासणारे ज्याला पाप म्हणतात त्याचीच टोचणी लागते. शिव्या, दारू, शब्बाथ मोडणं, व्यभिचार हे न्यूटनच्या भोवतालच्या यादीत होतं, ते त्याने झपाट्याने टाकलं. माणूस विकणं यादीत नव्हतं. आपल्या यादीत काय नाहीये? साक्षी ऐका कधी नीट. व्यसन सुटलं, सिनेमा सुटला, वाईट संगत सुटली. हाताखालच्या माणसाशी कसं वागत होतो, कोणाचे पैसे बुडवले, घरात कोणाला वर्षानुवर्षं घालून पाडून बोललो, हे क्वचितच. अर्थात असतील काही मंडळ्या जिथे हे बोललं जातं, पण मी ऐकलेल्या साक्षींमध्ये फार नाही.

आता तीमथ्याचं पहिलं पत्र, अध्याय १. वादळानंतर त्याला धीर देणारा हा अध्याय. पंधराव्या वचनात पौल म्हणतो, ख्रिस्त येशू पाप्यांना तारायला जगात आला आणि त्या पाप्यांमध्ये मी मुख्य. न्यूटनने त्यात स्वतःला बघितलं आणि बरोबरच बघितलं. पण त्याच अध्यायात पाच वचनं वर, दहाव्या वचनात, अधार्मिकांची एक यादी आहे आणि तिच्यात माणसं पळवून विकणाऱ्यांचं नाव स्पष्ट आहे. एकाच पानावर त्याची आशा आणि त्याचा धंदा. त्याने किती वेळा हा अध्याय वाचला असेल! 'मी मोठा पापी' हे वचन त्याला लागलं आणि 'हे पाप' सांगणारं वचन सरकून गेलं. माझा या प्रकरणातला मुख्य मुद्दा हाच आहे, की मी पापी आहे, नालायक आहे, अधम आहे असं कितीही कळवळून म्हटलं तरी त्याच्या आडोशाला एखादं ठरावीक पाप आरामात राहू शकतं. उलट जितकं मोठ्याने आणि जितकं सर्वसाधारण म्हणू तितका आडोसा चांगला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले, आम्ही काय करावं, तेव्हा त्याने त्यांना 'तुम्ही पापी आहात' एवढं सांगून घरी नाही पाठवलं. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांना, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना, कोणाला धाक दाखवून पैसे काढू नका, पगारात भागवा. ज्याचा जो धंदा त्याच्यावरच बोट. गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन त्या रांगेत उभा असता तर काय उत्तर मिळालं असतं, हे सांगायला नको.

समुद्र सुटला, पण प्रश्न नाही

नोव्हेंबर १७५४, पुढच्या सफरीला दोन दिवस राहिलेले, बायकोसोबत चहा घेताना त्याला अचानक झटका आला, तासभर बेशुद्ध. डॉक्टरांचा सल्ला ऐकून कॅप्टनपद सोडलं. नंतर लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरी, मग पाळक व्हायची धडपड, त्यात बरेच नकार, शेवटी १७६४ ला ओल्नी या गावी नेमणूक. त्याच वर्षी आत्मकथा छापली. वादळ, ताप, कृपा सगळं आहे तिच्यात, आणि त्या व्यापारात असताना त्याच्या योग्य-अयोग्यतेबद्दल आपल्याला तिळमात्र शंका आली नाही हेही आहे, फारशी खंत न करता.

पाळक म्हणून उत्तम होता. गावातली गरीब माणसं, लेस विणणारे लोक, मनाने खचलेला कवी विल्यम कूपर, सगळ्यांना धरून राहिला. १७७३ चं ते गीत दाविदाच्या प्रार्थनेवरच्या उपदेशाबरोबर आलं, १ इतिहास १७, हे प्रभो, मी कोण की तू मला इथवर आणलंस. सुंदर आहे. आणि ते गायलं गेलं तेव्हा गुलामांच्या व्यापाराबद्दल त्याने जाहीरपणे एक शब्दही काढलेला नव्हता. मधल्या काळात बोलणारे लोक होते, क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते, मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७७४ ला त्याविरुद्ध पुस्तिका काढली होती आणि वेस्ली त्याच्या ओळखीचा होता. त्यामुळे 'तेव्हा कोणालाच कळत नव्हतं' हा बचाव अर्धाच चालतो.

१७८८

१७८० ला तो लंडनला आला. डिसेंबर १७८५ मध्ये सव्वीस वर्षांचा खासदार विल्यम विल्बरफोर्स गुपचूप त्याला भेटायला आला, नुकताच देवाकडे वळलेला, राजकारण सोडावं का या विचारात. न्यूटनने सांगितलं, सोडू नकोस. १७८७ ला लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती उभी राहिली आणि १७८८ च्या सुरुवातीला न्यूटनची 'आफ्रिकन गुलाम व्यापाराविषयी विचार' या नावाची पुस्तिका आली. वय बासष्ट.

ही पुस्तिका आणि आधीची आत्मकथा शेजारी ठेवून वाचली तर पश्चात्ताप म्हणजे काय याचा अख्खा अभ्यास होतो. सुरुवातीलाच तो म्हणतो की अशा वेळी मी गप्प राहिलो तर तो माझा गुन्हा ठरेल, आणि जाहीर कबुली द्यायला माझा विवेक मला बांधून घालतो, पण ही कबुली कितीही खरी असली तरी ती उशिरा आली आहे, ज्या दुःखात माझा हात होता ते आता टाळता येणार नाही की भरून काढता येणार नाही. ज्या कामाने आज काळजाचा थरकाप होतो त्यात मी एकेकाळी सामील होतो, ही गोष्ट मला कायम खाली मान घालायला लावेल.

आणि मग पुढे कुठेही 'मी किती अधम' असा गळा काढत नाही. माहिती देतो. दोन मजल्यांमधली उंची किती, मधे फळ्या ठोकून माणसं कशी निजवतात, शेल्फवर पुस्तकं लावावीत तशी एकाला एक चिकटून, साखळीने जोडीला बांधलेल्यांना कूस बदलतानाही कसा त्रास होतो, सकाळी जिवंत आणि मेलेला कसे एकाच बेडीत सापडतात. जहाजावर चढणाऱ्या बायकामुलींचं काय होतं. दुसऱ्या एका जहाजाच्या मेटने रडणाऱ्या तान्ह्या मुलाला आईच्या हातातून ओढून समुद्रात कसं फेकलं. मग तो सरकारी चौकशीपुढे आणि १७९० ला कॉमन्स सभागृहाच्या समितीपुढे जाऊन हेच सांगतो, जिथे उलटतपासणी होऊ शकते आणि पेपरात नाव येऊ शकतं.

बाकी पश्चात्तापात आणि यात फरक काय? इथे तो देवाशी बोलत नाहीये. देवाशी बोलून झालेलं होतं चाळीस वर्षांपूर्वी. इथे तो ज्यांना हे थांबवता येईल त्यांच्याशी बोलतोय आणि हातात जे एकमेव होतं, म्हणजे आतल्या माणसाची माहिती, ते पुढे ठेवतोय. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं, कारण त्याची माणसं त्याच गावात होती. न्यूटनच्या माणसांची नावंच नव्हती, नंबर होते, ती कुठल्या मळ्यात गेली, जगली का मेली, काही पत्ता नाही. मोशेच्या नियमशास्त्रात गणना ५ मध्ये सांगितलंय की अपराधाची कबुली द्यावी आणि मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा ज्याचा अपराध केला त्याला द्यावा, आणि घ्यायला कोणी नातेवाईकही नसेल तर तेही परमेश्वराचं म्हणून याजकाला द्यावं. म्हणजे घेणेकरी सापडत नाही म्हणून देणं फिटत नाही. न्यूटनने हा उतारा वापरला असं माझं म्हणणं नाही, पण तो जे करत होता ते त्याच दिशेचं होतं.

मग १७४८ खोटं होतं का?

या प्रकरणावर चर्चा झाली की दोन गट पडतात. एक म्हणतो, असला कसला विश्वास, माणसं विकणाऱ्याचं तारण झालेलंच नव्हतं. दुसरा म्हणतो, त्या काळाचा माणूस होता, जाऊ द्या, शेवटी सुधारला ना. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात कृपा म्हणजे सगळं साफ केल्यावर मिळणारं सर्टिफिकेट होतं, आणि तसं असेल तर आपल्यापैकी कोणालाच मिळणार नाही, कारण आपलं दहावं वचन आपल्याला अजून दिसलेलं नसणार. रोमकरांस पत्रात (२:४) पौल म्हणतो की देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेते. नेते, म्हणजे ममता आधी. मी हे असं वाचतो की बासष्टाव्या वर्षी, नाव झालेलं, लंडनमध्ये लोक उपदेश ऐकायला येतायत, अशा माणसाला हे बोलायची ताकद आली ती त्याला आधीच स्वीकारलेलं होतं म्हणूनच. ज्याला वाटतं की खरं सांगितलं तर देवही टाकून देईल तो मरेपर्यंत झाकत राहतो. येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालासुद्धा पस्तावा झाला होता, त्याने पैसेही परत नेऊन टाकले, 'मी पाप केलं' हेही म्हणाला. पण तो ज्यांच्याकडे गेला त्या याजकांनी त्याला सांगितलं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. आणि तो एकटाच त्या पापासोबत उरला. येशूला नाकारलेला पेत्रही रडला, पण पुन्हा त्या अकरा शिष्यांमध्ये येऊन बसला.

दुसऱ्या गटाला माझं म्हणणं वेगळं आहे. 'शेवटी सुधारला' हे न्यूटनच्या बाजूने छान वाटतं. पण त्याच्या पश्चात्तापाला जो उशीर झाला त्याची किंमत त्याने नाही भरली. ती जहाजाच्या पोटातल्या लोकांनी भरली. देवाला थांबायला वेळ आहे म्हणून आपणही निवांत, असं म्हणणाऱ्याने हे आधी बघावं. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, या रोम ६ मधल्या प्रश्नाला पौलाचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, पण ते उत्तर कोणाच्या जिवावर पुढे ढकललं जातं हे विचारलं की खोलीत जरा शांतता होते.

म्हणून जे नुकतेच पडलेत, ज्यांच्या हातून काहीतरी झालंय आणि आता प्रार्थनेला बसायचीही लाज वाटतेय, त्यांना मी या प्रकरणातला तापाचा भाग वाचायला देईन. निश्चय करू नका, जसे आहात तसे पडा देवापुढे, तिथे घेतलं जातं. आणि ज्यांना वाटतं आपलं देवाशी सगळं ठीक चाललंय, त्यांना १७५४ च्या आभाराच्या उपासनेचा भाग. त्यांच्यासाठी स्तोत्र १९ मधली मागणी आहे, माझ्या चुका मला कळत नाहीत, गुप्त दोषांपासून मला मोकळं कर. ही प्रार्थना केली की उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या रूपात येतं, दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्टा आला तसं, आणि तो माणूस आपल्याला आवडत नाही. न्यूटनला नाथान मिळायला इतकी वर्षं लागली याचं एक कारण मला असं वाटतं की त्याच्या जहाजावर ज्यांना खरं माहीत होतं त्यांची भाषाही त्याला ऐकायची नव्हती. आपल्या चुकीचा फटका ज्याला बसलाय त्याला जाऊन विचारणं, बाबा रे, माझ्यामुळे तुझं काय झालं, आणि मधे न बोलता ऐकणं, हे उपास-प्रार्थनेपेक्षा अवघड जातं. तिथे 'पण माझा हेतू' एवढं जरी तोंडातून निघालं तरी समजायचं की अजून आपण आत्मकथेच्या पायरीवरच आहोत, पुस्तिकेपर्यंत पोचलो नाही. (आणि हो, ज्याला फटका बसलाय त्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह तर अजिबात धरू नये. न्यूटनने त्या पुस्तिकेत क्षमा मागितलेली नाही, आणि मला वाटतं ते बरं केलं. मागायला समोर कोणी नव्हतं, आणि वाचणाऱ्या इंग्रज खासदारांना ती द्यायचा अधिकार नव्हता.)

ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये केला, न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला, गुलामगिरी मात्र वसाहतींमध्ये पुढेही चालू राहिली. गटात हे प्रकरण घ्यायचं असेल तर एक सुचवतो, न्यूटनच्या पुस्तिकेबरोबर ओलाउदा इक्विआनोची आत्मकथाही घ्या. ती १७८९ ची, म्हणजे पुढच्याच वर्षीची. तो स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला, १७६६ ला स्वतःचे पैसे मोजून मोकळा झालेला, आणि तोही ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा. जहाजाच्या पोटातला वास, अंधार आणि आरडाओरडा त्याने खालून लिहिलाय. आधी इक्विआनो वाचा, मग न्यूटन. उलट क्रमाने वाचलं की लोक न्यूटनच्या बाजूने हळवे होतात आणि चर्चा तिथेच संपते.